अकरा वेळा पाठवलेला व्हिडिओ

ऑक्टोबर आला की मनीषाचा मेसेज येतो. मनीषा माझी आतेबहीण. कल्याणला राहते, आणि दर वर्षी नेमका याच दिवसांत तिला आमच्या अप्पांचा व्हिडिओ आठवतो. यंदाही आठवला. "नीताताई, अप्पामामांच्या सहस्रचंद्राला तू केलेला तो फोटोंचा व्हिडिओ परत पाठव ना. माझ्याकडचा पार ब्लर झालाय गं. कोण कोण आहे तेच कळत नाही."

ब्लर झालाय म्हणे. जसं काही दूध होतं आणि उकाड्यानं नासलं. अगं बाई, व्हिडिओ आपला आपण ब्लर होत नाही. तू तो ग्रुपवरून उतरवलास, नणंदेला पाठवलास, तिनं स्टेटसला लावायला मधेच कापला, तुझा फोन बदलला तेव्हा तू तो तिच्याकडून परत मागवलास. दर हाताला तो थोडा थोडा दाबला जातो. पंगतीला पाहुणे वाढले की ताकात पाणी घालत जातात ना, तसं. शेवटच्या पंगतीच्या वाटीत नुसतं पांढरं पाणी आणि वर कोथिंबिरीची दोन पानं. आमच्या नात्यात तर एक काकू अशा आहेत, की टीव्हीवर लावलेला व्हिडिओ त्या समोर फोन धरून पुन्हा शूट करतात आणि चार ग्रुपवर टाकतात. त्यात त्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही येतात.

हे सगळं मी मनीषाला लिहिलं नाही. "पाठवते" एवढंच लिहिलं. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि माझं सगळं त्राण या दिवसांत सहामाहीचे पेपर खाऊन टाकतात.

मी डोंबिवली पूर्वेला मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग आहे. ऑक्टोबर म्हणजे माझ्यासाठी गठ्ठे. पाऊस गेलेला असतो, पण जाताना कुणी पंखा बंद करून जावं तसा गेलेला असतो. मानपाड्याच्या रस्त्यावरची धूळ आता चिखलातून मोकळी होऊन थेट खिडकीत येते. एमआयडीसीकडून तो ओळखीचा उग्र वास येतो. खिडक्या लावाव्यात तर घामाच्या धारा, उघडाव्यात तर डोकं उठतं. समोरच्या गच्चीत कुणीतरी चिवड्याचे पोहे उन्हात घातलेले असतात. मी लाल पेन हातात घेऊन बसलेली असते, मनगटाखाली कागद चिकटत असतो, आणि चौथीतली मुलं मला लिहून देत असतात की सूर्य रोज सकाळी शाळेच्या मागून उगवतो. मी त्यांना अर्धा मार्क देते. त्यांच्या शाळेच्या मागून तो खरंच उगवतो.

याच दिवसांत, तीन वर्षांपूर्वी, मी एकच व्हिडिओ अकरा वेळा बनवला आणि अकरा वेळा पाठवला. आणि याच दिवसांत माझ्या वडिलांचा चांगला डोळा गेला. या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतून बसल्यात की एक ओढली की दुसरी येतेच. त्यांचा डोळा तपासून झाल्यावर डॉक्टर मला एकटीला बाहेर जे बोलले, ते मी अप्पांना कधी सांगितलेलं नाही. तीन वर्षं. एकाच घरात राहून, रोज त्यांच्या पानात वाढून. म्हणून मनीषाचा मेसेज आला की माझं डोकं फिरतं. त्यात तिची बिचारीची काय चूक?

अप्पा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हटलं की लहानपणी माझ्या मैत्रिणींना पोलीस वाटायचे, आणि मी बराच काळ ते तसंच वाटू दिलं. अप्पा मालाचे इन्स्पेक्टर. पंपांचे दांडे, बुश, असलं काहीबाही तिथं बनायचं, आणि बनलेला प्रत्येक नग अप्पांच्या टेबलावरून जायचा. पास किंवा रिजेक्ट. तीस-पस्तीस वर्षं माणसानं हेच केल्यावर ते त्याच्या हाडात जातं. घरात आईच्या पोळीला, माझ्या वहीच्या समासाला, भिंतीवरच्या कॅलेंडरला, कशालाच त्यातून सुटका नव्हती. आई म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा कसं पास केलंत हो?" अप्पा गंभीरपणे सांगायचे, "तेव्हा मी ट्रेनी होतो."

दसऱ्याला कंपनीत घरच्यांना नेत. वर्षातून तेवढा एक दिवस. मशिनी धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभ्या असायच्या. ऑइलचा आणि झेंडूचा मिळून जो एक वास व्हायचा तो मला आजही कुठं आला की हातात पेढा असल्यासारखं वाटतं. एका दसऱ्याला अप्पांनी मला त्यांच्या टेबलाशी नेलं. एक गोल दांडा घेतला, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडासमोर माझ्या डोळ्यापाशी आणली. "पट्टीखालून उजेड दिसतो?" मी म्हटलं, नाही. "मग सरळ आहे. केसाएवढी फट असली तरी उजेड आत येतो. उजेडाला फसवता येत नाही." मला त्यातलं फार काही कळलं नाही. पण आपले वडील काहीतरी मोठं काम करतात, हे पक्कं झालं.

त्यांचा डावा डोळा तेव्हाच अधू होता. कुणा दुसऱ्याच्या मशीनवरचा लोखंडाचा कीस उडून त्यात गेलेला. त्या डोळ्यानं सगळं धूसर दिसायचं. म्हणजे इतक्या वर्षांचं ते पास-रिजेक्ट सगळं एका उजव्या डोळ्याचं होतं.

आई गेल्यावर अप्पा ठाण्यातच राहिले. वागळे इस्टेटच्या मागे आमचं जुनं दोन खोल्यांचं घर आहे, तिथं एकटे. "डोंबिवलीला या" म्हटलं की म्हणायचे, "तिथं मी काय करू? इथं निदान भोंगा ऐकू येतो." भोंगा कधीच बंद झाला होता. कंपनीही बंद झाली होती, तिथं आता काचेची इमारत आहे आणि मनीषा तिच्यात नोकरी करते. पण अप्पांशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. त्यांची ऐंशी पूर्ण होऊन वर आठ महिने झाले, हजार पौर्णिमा भरल्या, तेव्हा सगळ्यांनी धरलं की सहस्रचंद्रदर्शन करूया. अप्पा म्हणाले, आई नाही तर होम-शांत काही नको. नुसतं औक्षण करा आणि जेवा. कोजागिरीनंतरचा रविवार ठरला. आणि व्हिडिओ माझ्या गळ्यात पडला, कारण शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ मी करते. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

एक्याऐंशी फोटो, पाठीमागे बासरी. अप्पांची एकच अट होती. "पाहुण्यांसमोर लावायच्या आधी मला दाखव. न तपासता माल बाहेर जायला नको."

पहिला पाठवला तो मीही घाईतच पाठवला. जुने फोटो पलंगावर ठेवून फोननं काढलेले, त्यातल्या निम्म्यांवर ट्यूबलाइटची चमक. संध्याकाळी फोन केला.

"मिळाला का अप्पा?"

"मिळाला."

"मग? कसा झालाय?"

"धुरकट आहे. कोण कुठला कळत नाही."

ते खरंच होतं. पहिला रिजेक्ट व्हायच्याच लायकीचा होता. मी मान्य केलं आणि नीट कामाला लागले. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन सगळे फोटो मोठ्या मापात स्कॅन करून आणले. तेव्हापासून मला जे कळलं ते आता मी शाळेत इतर बाईंना शिकवते. मूळ फोटोच मोठा हवा. चॅटवरून आलेला फोटो व्हिडिओत घालायचा नाही, तो आधीच एकदा दाबलेला असतो. व्हिडिओ तयार करताना एकदाच दाबायचा, आणि तो आपण दाबायचा, पुढच्याला दाबायची संधी द्यायची नाही. मी सगळं केलं आणि दुसरा पाठवला. माझ्या लॅपटॉपवर त्यात आईच्या साडीच्या काठाचे धागे मोजता येत होते.

"आता?"

"हं. बराच सुधारलाय. पण गेटचा खांब वाकडा आलाय."

गेटचा फोटो म्हणजे अप्पांच्या निवृत्तीच्या दिवसाचा. कंपनीच्या गेटसमोर पंचवीस-तीस माणसं, मधे हार घातलेले अप्पा, मागे गेटचे दोन चौकोनी खांब. मी फाइल उघडून पाहिली. खांब सरळ होता.

"सरळ आहे अप्पा."

"वाकडा आहे. मधेच पोट आल्यासारखा."

"असेलच तो तसा. जुनं बांधकाम."

"मी त्या गेटातून पस्तीस वर्षं आतबाहेर केलंय, आणि तू मला खांब सांगतेस?"

इथून पुढचे पाच आठवडे मी त्या खांबाच्या मागे लागले. लांबी-रुंदीचं प्रमाण चुकलं असेल म्हणून ते बदललं. तो तिसरा. पाठवताना तो एचडीचा पर्याय दाबायचा राहिला असेल म्हणून दाबून चौथा. मग डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे फोन त्याला हातच लावत नाही, जसाच्या तसा पोचतो. अप्पा म्हणाले, "पोचला. खांब तसाच आहे. आणि माझ्या तोंडावर धूर बसलाय." मग लिंक पाठवली. अप्पा म्हणाले, कुलपाचं चित्र दिसतंय. लिंक आमच्या घरात आजवर एकाही माणसाला उघडलेली नाही. मग पेनड्राइव्ह केला आणि मनीषाबरोबर धाडला, तिचं ऑफिस अप्पांच्या घराजवळ म्हणून. ती दारातूनच देऊन आली, तिची मीटिंग होती. अप्पांनी तो टीव्हीला लावला. संध्याकाळी फोन. "मोठ्या पडद्यावर जास्तच वाकडा दिसतो."

मी हात टेकले. पण व्हिडिओत फोटो हळूहळू जवळ येतात ना, त्या हालचालीनं रेघा लवत असतील, असं मी मनाशी धरलं आणि सगळी हालचाल काढून टाकली. फोटो ठोकळ्यासारखे स्थिर. मग प्रत्येक फोटोला दोन सेकंद वाढवले. नावांची अक्षरं मोठी केली. एकीकडे परिसर अभ्यासाचे पेपर, दुसरीकडे हे. नवरा म्हणायचा, "अगं, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा असतो, सोड." मी सोडलं नाही. खोटं कशाला बोलू, मला राग होता. साऱ्या जन्मात ज्या माणसानं माझी एक वही पास केली नाही, त्याच्याकडून मला हा एक व्हिडिओ पास करून घ्यायचा होता. चिडून चिडून मी तो करत होते.

आणि मी गेले नाही. डोंबिवलीहून वागळे इस्टेट काही काशी नाही. पण वाटेत शीळफाट्यावर तेव्हा पुलाचं काम चाललेलं, ट्रेलर आडवे, दोन-दोन तास गाडी हलत नाही, अशी कारणं माझ्यापाशी तयार होती. व्हिडिओ पाठवता येतो, फोन करता येतो, मग जायचं कशाला? शीळफाट्याला मी मनसोक्त शिव्या दिल्या. पण शीळफाटा काही दर रविवारी बंद नव्हता. एका रविवारी जरी जाऊन अप्पांच्या शेजारी बसले असते, आणि त्यांनी "हा बघ खांब" म्हणून बोट दाखवलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. आम्ही दोघं एकच चित्र बघतोय आणि मला ते सरळ दिसतंय, एवढंच तर कळायचं होतं.

सोहळ्याच्या दिवशी ठाण्यात, अप्पांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अकरावा व्हिडिओ लावला. लोक म्हणाले, काय क्लियर आहे गं, आरसाच. मनीषाची आई, म्हणजे माझी आत्या, आईचा फोटो आल्यावर रडली. अप्पा पुढच्या खुर्चीत ताठ बसले होते. संपल्यावर म्हणाले, "पास." मला इतकं बरं वाटलं, की आज त्याची लाज वाटते.

मग औक्षण. पितळी परातीत कणकेचे एक्याऐंशी दिवे. परात जड, दिव्यांची धग तोंडावर, ऑक्टोबरचा उकाडा, सगळ्याजणी घामानं निथळत एकामागून एक ओवाळत होत्या. माझी पाळी आली. मी ओवाळलं, आणि अप्पा माझ्याकडे बघेनात. माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते.

"अप्पा, माझ्याकडे बघा ना. फोटो काढताहेत."

"बघतोय की."

पेढा भरवायला मी हात पुढं केला, तर ते तोंड भलतीकडेच घेऊन गेले. पेढा त्यांच्या गालाला लागला. लोक हसले. मीही हसले. त्या दिवसाचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत, एकाहून एक स्वच्छ, आणि त्या सगळ्यांत अप्पा जरासे बाजूला बघताहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी त्यांना ठाण्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक कागद पुढं केला. चौथीच्या गणिताच्या वहीसारख्या चौकटी, मधे एक ठिपका. डावा डोळा झाकायला सांगितला. अप्पांनी उजव्यानं कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मधल्या रेघा वाकल्यात. कुठं छापलंत हे?"

मी शेजारी उभी होते. रेघा सरळ होत्या.

डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपत होतं, रक्तही. त्यानं पडदा मधेच फुगतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. पुढं मधोमध धूर बसतो. तपासण्या झाल्या, डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचं ठरलं. अप्पांना सिस्टरनी औषध घालून बसवलं तेव्हा डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "रेघा वाकड्या दिसतात असं कधीपासून म्हणताहेत?"

मला तारीख आठवेना. मला व्हिडिओ आठवत होते. दुसरा, तिसरा, चौथा. मी मनात मोजलं आणि म्हणाले, "पाच आठवडे झाले."

"तेव्हाच आणायला हवं होतं हो. बरीच नजर वाचली असती. आता उरलीय ती टिकवू." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. रागावले नाहीत, काही नाही. त्यांच्यासाठी ते रोजचंच असणार.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पाच आठवडे मी खांब सरळ करत होते, आणि एक-एक आवृत्ती करेपर्यंत तिकडे तो डोळा थोडा थोडा जात होता. ज्या माणसाचं म्हणणं जन्मभर खरं निघत आलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवला. त्याला वाकडं दिसतं म्हणजे ते वाकडं आहे. आणि मला सरळ दिसत होतं, त्यावर मात्र मी विश्वास ठेवला नाही. दोघांतल्या एकालाही, दोष बघणाऱ्यात असेल, असं सुचलं नाही. निदान मी तरी तसंच समजत होते.

इंजेक्शनं झाली. फार काही हाती लागलं नाही. उजव्या डोळ्याच्या मधोमध आता कायमचा डाग आहे, कडेकडेनं दिसतं. अप्पा आमच्याकडे डोंबिवलीला आले, या वेळी भोंग्याचं नाव न काढता. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून ते चहाचा कप शोधतात. वास आला की म्हणतात, "आज वारा एमआयडीसीकडून आहे." मी पेपर तपासत बसले की विचारतात, किती नापास? मी म्हणते, आता कुणी नापास करत नाही अप्पा. ते म्हणतात, मग तपासतेस कशाला? या घरात सगळं ठीक चाललंय. फक्त त्यांनी चाचपडत पाण्याचा तांब्या शोधला की माझ्या मनात पाच आठवड्यांचा हिशेब सुरू होतो. सांगावं, असं शंभरदा ठरवलं. पण सांगून त्यांना काय मिळणार, असंही शंभरदा ठरवलं. आणि खरं तर त्यांनी मला रिजेक्ट केलं तर, याची भीती होती. पन्नाशी उलटली तरी ही भीती जात नाही.

परवा शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी जेवणं झाल्यावर मनीषाला पाठवायला म्हणून लॅपटॉप उघडला. जुना फोल्डर. अप्पा. अप्पा फायनल. अप्पा फायनल नवा. अप्पा फायनल खरा. एकाला रागाच्या भरात 'अप्पा शेवटचा' असं नाव दिलं होतं, मग चरकून ते पुसलं होतं आणि 'अप्पा अकरा' केलं होतं. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसलेले. अकरावा जरा लावून बघावा म्हणून मी दाबला आणि बासरी सुरू झाली.

"कोण, मनीषा मागतेय का?" अप्पांनी विचारलं.

"हो. तिचा ब्लर झाला म्हणे."

"कुठला पाठवतेस?"

"अकरावा. पास केलेला."

"दुसरा पाठव. त्यात फोटो हळूहळू जवळ येतात, ते बरं वाटायचं."

मी हसले. "दुसऱ्यात तर खांब वाकडा होता तुमचा."

अप्पांनी मान तिरकी करून लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाले, "सरळ होता गं तो."

मी बासरी बंद केली. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. सरळ होता. डाव्या डोळ्यानं बघितला की धूसर, पण सरळ. उजव्यानं बघितला की पोट यायचं. एकच खांब दोन डोळ्यांना दोन तऱ्हांचा दिसतोय, तर दोष खांबात कसा असेल?"

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू फोन ठेवल्यावर."

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी ओरडलेच. डॉक्टर मला काय म्हणाले ते ओरडून सांगितलं. पाच आठवडे, अप्पा! तेव्हाच आणायला हवं होतं म्हणाले, बरीच नजर वाचली असती म्हणाले. तीन वर्षं मी हे पोटात घेऊन फिरतेय, तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला, आणि तुम्हाला माहीत होतं? रोज फोनवर खांब, खांब, खांब! एकदा नुसतं डोळा म्हणाला असतात, तर शीळफाट्यावरून चालत आले असते मी!

ओरडून झालं. मग रडून झालं. पेपरांचा गठ्ठा माझ्या धक्क्यानं खाली पडला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं उत्तरपत्रिका खोलीभर सरकत होत्या. अप्पा माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत होते.

"भ्यायलो होतो," ते म्हणाले.

मी वाकून उत्तरपत्रिका गोळा करायला लागले.

"आणि तू सारखा नवा पाठवायचीस. म्हणून डावा झाकून, आधी उजव्यानंच बघायचो. वाटायचं, आज केला असशील तू सरळ."